राणीच्या बागेतला रुसवा

माझ्या आईला रुसता येत नसे. राग येत नसे असं नाही. राग आला की ती चुलीपाशी बसून भाकरी थापू लागे, आणि थापता थापता तो राग पिठातच कुठंतरी जिरून जाई. त्या दिवशीच्या भाकरी मात्र नेहमीपेक्षा पातळ व्हायच्या. तात्या, म्हणजे माझे वडील, भाकरी हातात घेऊन उजेडाकडे धरत आणि "आज काय झालं गं?" असं विचारत. आई म्हणे, "कुठं काय? पीठ मऊ हाय." एवढ्यावर ते प्रकरण मिटे. आमचं घर खालापूरकडे, डोंगराच्या पायथ्याला. भाताची शेती, दोन बैल, एक म्हैस आणि घरात तांदळाची भाकरी, सुकट नाहीतर कुळथाचं पिठलं. पहाटे आम्ही भावंडं झोपेत असताना आईचं जातं सुरू होई. त्या घरघरीत आम्हाला छान झोप लागे. घरघर थांबली की जाग येई, कारण मग आई उठून कामाला हाका मारणार हे ठरलेलं.

अशा बाईवर विहीण व्हायची वेळ आली. माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, लग्न ठरलं. मुलगी लालबागची. तिचे वडील सखारामभाऊ मूळचे पळसदरीकडचे, पण तरुणपणीच मुंबईला जाऊन गिरणीत फिटर झालेले. त्या वेळच्या आमच्याकडच्या लग्नात नवऱ्या मुलाच्या आईचा मान फार मोठा. तिच्या वाटेवर लुगडी अंथरायची, तिचे पाय धुवायचे, तिला पहिल्या पंगतीला बसवायचं. आणि एवढं सगळं झाल्यावर तिनं कशावरून तरी रुसायचं. मुलीकडच्यांनी येऊन विनवण्या करायच्या, काहीतरी जास्तीचं द्यायचं, मग तिनं हसायचं. न रुसलेली विहीण म्हणजे घरंदाज नाही, असा समज होता. मी हा रिवाज चांगला होता असं म्हणत नाही. होता, एवढंच लिहितो.

या विषयातला अधिकार आत्याकडे होता. आत्या तात्यांची थोरली बहीण. गावोगावच्या लग्नांत कोण कशावरून रुसलं आणि काय घेऊन हसलं, हे तिला तोंडपाठ. तिच्या स्वतःच्या सासूनं म्हणे जानवसघराच्या दाराला आतून कडी लावून घेतली होती आणि नथ मिळाल्यावरच ती काढली होती. ही गोष्ट आत्या अशा अभिमानानं सांगे, की जणू ती नथ तिलाच मिळाली. बैलगाडीनं कर्जतला जाताना, मग आगगाडीत, आणि लालबागच्या चाळीतल्या जानवशाच्या खोलीत पाय ठेवल्यापासून ती आईच्या मागे लागली होती. "पारे, इसरू नको हां. रुसायचं हाय."

"कशावरनं रुसू वन्स?" आई विचारी.

"आगं, निघंल काहीतरी. लग्न हाय, काहीतरी चुकंलच."

पण काही चुकेना. मुलीकडचे लोक इतके चांगले निघाले की आत्या रडकुंडीला आली. पाय धुवायला कोमट पाणी, पंगतीत आईच्या पानावर पहिलं तूप, झोपायला नवी चटई. पहिला प्रयत्न आईनं लग्नाच्या दिवशी दुपारी केला. आत्यानं खूण केली तशी ती भिंतीकडे तोंड करून बसली. मुलीची आई धावत आली, पाया पडली, "विहीणबाई, काय चुकलं आमचं?" असं म्हणाली. त्या बाईचा घाबरलेला चेहरा बघून आई पटकन म्हणाली, "नाय गं बाय, ऊन लागलं जरा." लगेच सरबत आलं. दुसरा प्रयत्न रात्रीच्या पंगतीत करायचा होता. पुरणपोळी वाढली की पान सरकवायचं, असं ठरलं होतं. पण आई सकाळपासून उपाशी होती. आत्यानं कोपर मारेपर्यंत तिची पोळी संपून दुसरी पानात पडली होती.

लग्न पार पडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं नव्या सुनेला घेऊन परतायचं होतं. कर्जतला आमची बैलगाडी येऊन थांबणार होती. गावात मांडव उभा होता, आणि सकाळी सुनेनं उंबऱ्यावरचं माप ओलांडलं की सगळ्या गावाचं जेवण. म्हणजे ही गाडी चुकून चालणार नव्हतं. तोवरचा दिवस मोकळा होता, म्हणून सखारामभाऊ म्हणाले, "चला, तुम्हाला आमची मुंबई दाखवतो."

सखारामभाऊंचा तो छंदच होता. दर रविवारी, कामाला सुट्टी असली की ते कुणातरी पाहुण्याला घेऊन राणीच्या बागेत जात. 'आमची बाग', 'आमचं म्युझियम', 'आमचा हत्ती' असं त्यांचं बोलणं. तो सगळा परिसर त्यांनी गिरणीतून घरी जाता जाता स्वतःच्या हातानं उभारला असावा, असं ऐकणाऱ्याला वाटे. आधी त्यांनी आम्हाला ट्राममधून किल्ल्याकडे, म्हणजे आजच्या फोर्टात, नेऊन मोठमोठ्या दगडी इमारती आणि घड्याळाचा उंच मनोरा दाखवला. मला लहानपणापासून मापांची आवड. मी मनोऱ्याची उंची विचारली. त्यांनी ती लगेच सांगितली. थोड्या वेळानं तात्यांनी विचारली, तेव्हा ती वाढली होती. दादानं विचारलं तेव्हा आणखी वाढली, कारण दादा जावई. म्हणून मी तो आकडा इथं देत नाही. तात्या मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "याला चावी द्यायला रोज कोण चढतो?" सखारामभाऊंना हे कुणी पूर्वी विचारलं नसावं. ते म्हणाले, "सरकार."

मग राणीची बाग. आम्हाला झाडांचं नवल नव्हतं. आमच्या घराच्या मागेच जंगल सुरू होई. पण झाडं एका ओळीत लावलेली, त्यांच्याखाली कुणी लाकूड तोडत नाही, कुणी गुरं चारत नाही, माणसं बाकांवर नुसती बसलेली आहेत, हे मात्र नवीन होतं. आई एका बाकाकडे बघत म्हणाली, "ही काय करतात इथं?"

"बसतात," सखारामभाऊ म्हणाले.

"आन् मग?"

"मग उठून घरी जातात."

पुढे चालताना आईनं त्या बाकाकडे दोनदा वळून पाहिलं, ते माझ्या लक्षात आहे.

बागेतल्या म्युझियममध्ये शिरताना आत्यानं वहाणा बाहेर काढल्या. आत सोनेरी खांब, रंगीत फरशी, एवढं उंच छत म्हणजे देऊळच असणार, असा तिचा हिशेब. आत काचेच्या कपाटांत मातीची लहान लहान माणसं होती. कुंभार, सोनार, पखालवाला, तऱ्हेतऱ्हेच्या पगड्या घातलेले लोक. तात्यांना त्यात एक नांगरणारा शेतकरी सापडला, तेव्हा ते काचेला नाक लावून त्याच्या बैलांची शिंगं तपासू लागले. सखारामभाऊ सांगत होते, "हे सगळे देश दाखवलेत बघा. हा काबूलचा, हा विलायतेचा." मी खालची चिठ्ठी वाचली, तर विलायतेचा म्हणून दाखवलेला माणूस गुजरातेतला निघाला. मी ते मोठ्यानं म्हणालो नाही. दादानं माझ्या पायावर पाय ठेवला होता.

आई मात्र एकाच कपाटापाशी थांबली होती. आत वीतभर उंचीची एक बाई जात्यावर दळत बसली होती. डोक्यावर पदर, एक पाय लांब केलेला, हात खुंट्यावर. आई तिच्याकडे बघतच राहिली. नवी वहिनी शेजारी उभी होती, लग्नाची हळद अजून हातावर, मान खाली. आई तिला म्हणाली, "बघ गं बाय. काचेत ठेवली, तरी हिचं दळान काय सुटलं नाय." वहिनीला हसू आलं, पण नव्या सुनेनं हसायचं की नाही हे ठाऊक नसल्यामुळे तिनं पदर तोंडाशी धरला. सासू-सुनेचं पहिलं बोलणं ते एवढंच.

बाहेर आल्यावर सखारामभाऊंनी केळ्यांचा एक घड घेतला. पाहुण्यांना भूक लागली असणार म्हणून. समोरच हत्ती होता. पाठीवर बसायला लाकडी बाकं बांधलेली, शेजारी चढायला उंच जिना, आणि मुलाबाळांना बसवून तो बागेत फेरी मारून येई. तात्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं आणि विचारलं, "हा खातो किती?" सखारामभाऊंनी सांगितलं. तात्या मनातल्या मनात हिशेब करून म्हणाले, "म्हंजे आपलं अख्खं शेत चैत्रापर्यंत बी पुरायचं नाय." तेवढ्यात हत्तीनं सोंड पुढे केली, आणि दर रविवारच्या सवयीनं सखारामभाऊंनी घडातलं पहिलं केळं तोडून त्याच्या सोंडेत ठेवलं.

आत्या अशी दचकली की मला वाटलं तिला विंचू चावला.

"पारे! बगितलंस? पयलं केळं हत्तीला! विहीण उभी हाय हितं सुकलेल्या तोंडानं, आन् पयला मान जनावराला!" मग आवाज खाली आणून, पण आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असा, "आता रूस. याच्यापरीस चांगलं कारान मिळायचं नाय."

आईनं हत्तीकडे पाहिलं, सखारामभाऊंकडे पाहिलं. मग सावकाश चालत मागे गेली आणि तशाच एका झाडाखालच्या बाकावर जाऊन बसली. पदर सारखा केला. पाय वहाणांतून मोकळे केले. आम्ही पुढच्या पिंजऱ्याकडे निघालो होतो. कुणाला काही कळलंच नाही. तेव्हा तिनंच हाक मारली, "आवं!"

तात्या वळले. "काय गं? दमलीस?"

"नाय. मी रुसलेय."

"काय?"

"रुसलेय म्हटलं. ह्ये, हत्तीच्या केळ्यावरनं."

विहिणीनं रुसल्याचं स्वतः जाहीर केलेलं आत्यानंही कधी ऐकलं नव्हतं. पण एकदा तोंडातून शब्द गेला म्हटल्यावर सगळ्यांनी आपापली कामं सुरू केली. सखारामभाऊ धावत आले, हात जोडून उभे राहिले. दादा लांब जाऊन माकडं बघू लागला. तात्यांनी सूर्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आगं, गाडी चुकंल. घरी रूस की."

"घरी कोन इचारतंय?" आई शांतपणे म्हणाली. ते टोचून म्हटलेलं नव्हतं. तिनं नुसती माहिती दिली.

बागेतले लोक जमू लागले. टोपीवाले एक पारशी म्हातारबाबा छत्री टेकवत आले आणि विचारू लागले, "बाईला काय झाला? चक्कर आला? सोडा पाज, सोडा!" कुणीतरी म्हणालं रुसल्या आहेत. "कोणावर?" "हत्तीवर." म्हातारबाबांनी हत्तीकडे वळून त्याला छत्री दाखवली आणि दोन शब्द सुनावले. मग ते पलीकडच्या बाकावर बसले, पुढे काय होतं ते बघायला.

आत्या मात्र आता पुरती रंगात आली होती. आईच्या बाजूनं तीच बोलू लागली. रेशमी काठाचं लुगडं पाहिजे. चांदीचं तबक पाहिजे. दोन्ही इथंच कबूल व्हायला पाहिजे, पळसदरीच्या देवीची शपथ घेऊन. "न्हायतर आमची विहीण हितनं हलायची नाय, आन् सून बी हलायची नाय." सखारामभाऊ सकाळपासून सगळ्या मुंबईचे मालक होते. आता त्यांचा खांदा एकदम पडला. लग्नात त्यांनी होतं नव्हतं ते घातलंय, हे त्यांच्या कोटाच्या नव्या गुंड्यांवरूनच कळत होतं, कारण कोट जुना होता. ते आधी "हो, हो" म्हणाले, मग "पुढच्या सणाला पाठवतो" म्हणाले, मग नुसतेच उभे राहिले. आणि वहिनी, जिला कालपासून कुणी नीट पाहिलंही नव्हतं, ती बापाच्या त्या चेहऱ्याकडे एकदा बघून जमिनीकडे बघू लागली. तिच्या पायाच्या अंगठ्याजवळ मातीत एक एक थेंब पडत होता.

ते थेंब मी पाहिले आणि आईनंही पाहिले, याची मला खात्री आहे. आता तिच्यापुढे मोठी अडचण होती. काही न घेता हसावं, तर आत्या जन्मभर तिला आणि तिच्या माहेराला बोलणार, आणि गावात सांगणार की आमच्या विहिणीला मान कशाशी खातात ते ठाऊक नाही. लुगडं-तबक घ्यावं, तर सून आपल्या घरात हे डोळे घेऊन शिरणार, आणि मग तिच्याबरोबर एका चुलीपाशी जन्म काढायचा. तात्यांनी पुन्हा सूर्याकडे पाहिलं. आईनं मात्र बाकाच्या पाठीला पाठ टेकली. खरं सांगायचं तर ती आरामात दिसत होती. इतकी माणसं तिच्याभोवती उभी आहेत, ती एकटी बसली आहे आणि तिला काय हवंय ते ऐकायला सगळे थांबलेत, असं तिच्या आयुष्यात आधी कधी झालेलं नव्हतं.

"वन्स," ती शेवटी म्हणाली, "रुसलंय कोन? मी का तुमी?"

"तूच की गं."

"मंग मागनं माझं. व्याहीबुवा, हिकडं या. पयला मान त्या हत्तीला दिलात, खरं ना?"

"चुकलं विहीणबाई. हात जोडतो."

"मंग आता मला त्याच्यापरीस वर बसवा."

सखारामभाऊंना कळेना. आई हत्तीकडे बोट दाखवून म्हणाली, "त्याच्या पाठीवर. म्हंजे मान कुनाचा वर ऱ्हायला, ते सगळ्यांना दिसंल. आन् मी एकटी चढायची नाय. माझी सून बी बरोबर बसंल."

आत्याच्या सगळ्या माहितीत असा मान कुठं नव्हता, पण हत्तीपेक्षा वर बसणं हा मान नाही, असं कुठल्या तोंडानं म्हणणार? सखारामभाऊंचा चेहरा आधी कोरा झाला, मग त्यावर रविवार परत आला. "हा आमचा हत्ती!" ते ओरडले. "चला, विहीणबाई, चला!" आणि जिन्याखाली थांबलेल्या पोरांना बाजूला सारून त्यांनी माहुताला सांगितलं की मुलाची आई येते आहे, हत्ती सावकाश चालव. पारशी म्हातारबाबा टाळ्या वाजवाव्यात तशी छत्रीनं जमीन ठोकू लागले.

जिना चढताना आईच्या वहाणा निसटल्या. त्या तात्यांनी उचलल्या. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण तात्यांनी घरातलं पाण्याचं भांडंही कधी उचललेलं मी पाहिलं नव्हतं. हत्ती हलला. वर नऊवारी लुगड्यातली माझी आई, तिला बिलगून हळदीची वहिनी, आणि शेजारून दोन्ही हातांत दोन वहाणा घेऊन भराभरा चालणारे तात्या. "धर घट्ट! पारू, धर घट्ट!" ते ओरडत होते. त्यांनी आईला नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. आईला ती ऐकू गेली नाही, किंवा ऐकू गेली असली तरी तिनं खाली पाहिलं नाही. ती वहिनीच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होती, आणि वहिनी पदर तोंडाशी न धरता हसत होती. म्युझियमवरून वळून, बाकांच्या समोरून, झाडांच्या खालून हत्ती फेरी पुरी करून आला.

खाली उतरल्यावर आत्यानं आपला अधिकार एकदा वापरून पाहिला. "मिटला का रुसवा?"

"मिटला वन्स," आई म्हणाली, आणि तात्यांच्या हातातल्या वहाणा घेऊन पायांत घातल्या. "पर एक सांगू का? वरनं तुमी लय बारक्या दिसत व्हता."

गाडी मिळाली. अगदी सुटता सुटता मिळाली, आणि कर्जतपर्यंत आत्या खिडकीकडे तोंड करून बसली होती. तो रुसवा मात्र खरा होता. तिची समजूत काढायला आईनं तिला उरलेली केळी दिली.

हत्तीवर आई काय म्हणाली, ते मला वहिनीनं फार वर्षांनी सांगितलं, आई गेल्यानंतर. "म्हणाल्या, 'घरी गेल्यावर तू बी कधी रुसशील. तेव्हा मला सांगून रूस. आपण दोघी मिळून बसू.'" आणि तसं त्या खरंच बसत. आमच्या मागच्या अंगणातल्या फणसाखाली आईनं तात्यांकडून एक फळी ठोकून घेतली होती. गुरं चारून येणारे लोक विचारत, "काकी, हितं काय करता?" आई म्हणे, "बसतो."

गेल्या महिन्यात माझ्या थोरल्या मुलाचं लग्न झालं. मुलीचे वडील शिकलेले, नोकरीतले, तरी मांडवात येऊन हळूच मला विचारू लागले, "विहीणबाईंचा काही मान राहिला असेल तर सांगा, संकोच नको." मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला काय ठाऊक? मोठ्या जाऊबाईंना विचारा." वहिनी पलीकडे खुर्चीवर बसली होती. केस आता सगळे पांढरे, कानानं थोडं कमी ऐकू येतं असं ती सांगते. तिनं मान वर केली नाही. हातातल्या अक्षता निवडत ती म्हणाली, "जवळपास कुठं हत्ती मिळतो का, ते बघा."